काठीने दाबलेलं बटण

४ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सलाम.

पत्र बघून घाबरू नका. घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचा धाकटा निरोप अर्धाच पोचवतो, म्हणून पत्र.

जावईबापूंच्या उजव्या हाताला थोडं लागलं आहे. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरून पाय घसरला. हातात कॉम्प्युटरचा डबा होता. तो वाचवायला गेले आणि हात खाली सापडला. दवाखान्यात ठेवलंय ते फक्त नजरेखाली असावेत म्हणून. तुमची सून त्यांच्यापाशी आहे. बोलतात, जेवतात. चमचा डाव्या हाताने धरतात, इतकंच.

पायऱ्या ओल्या होत्या. त्या पुसणं माझं काम, तेव्हा चूक म्हटली तर माझीच. कालपासून घासतोय. सोडा टाकून झाला, विटेचा तुकडा घेऊन घासून झालं, पण तिसऱ्या पायरीवरचा डाग काही हलत नाही. दगड पीत असावा. डाग म्हणजे तेलाचा.

तुम्ही एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नका. गाडीला गर्दी असते, त्यात तुमचे गुडघे. धाकट्याला तर मुळीच पाठवू नका, त्याचे कामाचे दिवस आहेत.

बाकी ठीक. माझा खांदा आहे तसाच. आमचा पोरगाही बरा आहे. दोन दिवस मित्राकडेच जेवतो, पण बरा आहे.

तुमचा व्याही,
चर्चचा राखणदार

११ फेब्रुवारी

राखणदार व्याह्यांना सलाम.

पत्र मिळालं. धाकट्याने कानाशी ओरडून वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, कारण तो तापला की ओळी गाळतो.

मी जन्मभर भट्टीपुढे घण मारला. कान त्यातच गेले. लोखंडाखाली आलेली बोटं मी पुष्कळ बघितली आहेत. घसरलेल्या माणसाचं मनगट जातं, कोपर जातं, गुडघा फुटतो. सुनेने धाकट्याला सांगितलं की चारही बोटं एका रेघेत मोडलीत. एका रेघेत! बोटं डब्याच्या कडेवर होती आणि वरून काहीतरी आलं. गोल, लांब आणि जड. पायरी कधी वरून येत नाही, व्याही. ते काय होतं आणि कोणाच्या हातात होतं?

धाकट्याकरवी सुनेला विचारलं तर रडते आणि म्हणते, "माझ्या बाबांना विचारा." म्हणून विचारतो.

आणि तेलाचा डाग कोणी विटेने घासत नाही.

माझ्या मुलाची रोजी त्या बोटांत आहे. केसाएवढी तार तो चिमट्यात धरतो. घणाचा दांडा मोडला तर मी दुसरा बसवतो. बोटाला दांडा बसवता येत नाही.

कोणी मारलं ते लिहा. नाहीतर मी येतो आणि तुमच्या बाकांवर बसणाऱ्या एकेकाला धरून विचारतो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला कळेपर्यंत विचारत राहीन.

तुमचा व्याही

१५ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सलाम.

तुमचं पत्र मिळालं. जावईबापू घसरले नाहीत. तेवढं मी तुमच्या काळजीपोटी लिहिलं होतं. आता सगळं लिहितो, पण शेवटपर्यंत वाचा, मधेच उठून चपला शोधू नका.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक नियम आहे. ज्याच्या हातून वस्तू मोडेल, दुरुस्ती त्याने भरायची. दानपेटीतला पैसा देवाच्या कामाचा, आणि स्क्रू हे देवाचं काम नाही असं खजिनदार म्हणतात. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळीत सगळ्या दुरुस्त्या एक पेट्रोलपंपवाले करून देतात, तर तिथे वर्षभर त्यांच्याच आवडीची तीन गाणी चालतात. टेकडीवरच्या मंडळीत मेकॅनिकलाच सांगतात, दान समज. तो मेकॅनिक आता टेकडीच्या बाजूला फिरकतच नाही. त्यातल्या त्यात आपला नियम न्यायाचा, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे.

पण कॉम्प्युटर आला आणि त्याला कोणी हात लावेना. गाण्याचे शब्द भिंतीवर दिसावेत ही सगळ्यांची हौस, पण बटण दाबायची वेळ आली की एकजात सगळ्यांना खोकला. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की मेणबत्त्या विझवायची ती लांब लोखंडी काठी आहे, टोकाला पितळी टोपी असलेली, तिने दाबायचं. म्हणजे हात लागला नाही. काठी माझ्या ताब्यात. उंचावरच्या मेणबत्त्या खांद्यामुळे मला जमत नाहीत, त्या आमच्या पाद्रींची, पाळकसाहेबांची मुलगी विझवते. बटण खाली आहे, ते जमतं. दर रविवारी मी लांबून ते टोचतो आणि तेवढा वेळ अख्खी मंडळी छताकडे बघते. हसू नका. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्हीही हसत नव्हतो.

मग बेकरीवालीची आई वारली. शवपेटी मधोमध ठेवलेली, गाणं चालू, आणि भिंत एकदम काळी झाली. पुढचं कडवं कोणालाच येईना. सगळे तोंड उघडं ठेवून उभे. बेकरीवाली किंचाळली, "माझ्या आईला अर्ध्यावर सोडलंत!" आणि हातातलं बायबल तिने खजिनदारांच्या तोंडावर फेकलं.

जावईबापूंनी मशीन आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं, आतला जळलेला भाग काढून पदरचा नवा बसवला, परत आणून जोडून दिलं. मग विचारलं, पैसे कोण देणार? खजिनदार म्हणाले, हात कोणाचाच लागला नाही, काठी लागली. काठी कोणाची? राखणदाराची. माझ्या पगारातून कापायचं ठरलं. जावईबापूंच्या कपाळाची शीर अशी वर आली. म्हणाले, "सासऱ्याच्या ताटातलं काढून मला वाढता काय? राहू द्या. माझा भाग मी घेऊन जातो."

ते रागाच्या भरात बोलले असं आम्ही धरलं. पण त्या रविवारी दुसरं गाणं चालू असताना ते सरळ पुढे आले, वायरी उपटल्या, डबा उचलला आणि मधल्या वाटेने निघाले. शब्द गेले तसे आवाजही गेले. आमच्या पोराचा ऑर्गन तेवढा वाजत राहिला, मग तोही थांबला.

दारात रेटारेटी झाली. कोणी कॉलर धरली, कोणी पाठीत लाथ घातली. जावईबापूंनी कोपर मारलं ते खजिनदारांच्या चष्म्यावर बसलं, काच गालात घुसली. पाळकसाहेब "प्रेमाने, प्रेमाने" म्हणत मधे शिरले आणि त्यांचा पुढचा दात गेला. बेकरीवालीचा भाऊ जावईबापूंच्या दंडाला चावला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माणूस माणसाला चावतो, व्याही, आणि तोही इस्त्रीच्या शर्टात.

तरी त्यांनी डबा सोडला नाही. पायऱ्यांपर्यंत आले आणि तिथे काठी खाली आली. आवाज मला ऐकू आला. एक नाही, एकामागून एक, अगदी जवळजवळ. मग डबा पायऱ्यांवरून आपटत गेला आणि त्याच्या पोटातलं सगळं रस्त्यावर पडलं.

काठी कोणाच्या हातात होती ते मला दिसलं नाही. पुढे नुसत्या पाठीच पाठी होत्या. देवाशपथ म्हणत नाही, पण दिसलं नाही.

तुमचा व्याही

२० फेब्रुवारी

व्याही,

काठी तुमच्या ताब्यात असते. तुमच्या हातातून ती कोणी ओढून घेतली, तेही दिसलं नाही? तेव्हा काय तुम्ही छताकडे बघत होता?

ठीक आहे. दिसलं नाही तर नाही. हातातलं भट्टीचं काम उरकलं की मी येतो. धाकटा येतो. भट्टीवरचे दोघे म्हणतात, आम्हीही येतो. धाकट्याने घण आजच बाजूला काढून ठेवलाय, लहान, एका हाताने चालणारा. एका बाकावरच्या एका माणसाचा एक उजवा हात, असं त्याने ठरवलंय. ज्याने मारलं तो त्यात कुठेतरी येईलच. मी त्याला आवरलेलं नाही. आवरावंसं वाटलं नाही.

डॉक्टर काय म्हणतात ते लिहा. खरं लिहा.

तुमचा व्याही

२३ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सलाम.

असं काही करू नका. इथे म्हातारी माणसं बसतात. दुसऱ्या बाकावर तर सगळ्या विधवा बायका असतात. धाकट्याला सांगा घण परत जागेवर ठेव.

आता खरं लिहितो. मीच मारलं.

चालत्या गाण्यात जावयाने वस्तू उचलून न्यावी आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघावं, हे मला सहन झालं नाही. काठी हातात होतीच. डोकं फिरलं. बोटं मोडायची नव्हती, डबा पाडायचा होता. तुम्ही या आणि माझा हात मोडा. उजवा घ्या, तसाही तो अर्धाच चालतो. पण बाकीच्या कोणाला धक्का लावू नका. आमच्या पोरालाही काही विचारू नका, तो हल्ली घरात फारसा नसतो.

डॉक्टर म्हणतात दोन बोटं परत वळतील. दोन वळायची नाहीत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. तुमच्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. तुमच्या सुनेला सांगितलंय. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

तुमचा अपराधी,
राखणदार

२८ फेब्रुवारी

व्याही,

तुमचं पत्र वाचून मी हसलो. किती दिवसांनी हसलो. धाकट्याला वाटलं मला झटका आला.

मुलांच्या लग्नात तुम्ही आमच्या खोलीत आलात. कोट काढलात. खुंटी डोक्याएवढ्या उंचीवर होती. हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत, मला वाटतं तुम्हाला लाज वाटली. तुमच्या हातातला कोट घेऊन मी टांगला. ज्याला कोट टांगता येत नाही तो माणूस लोखंडी काठी वरून खाली आणतो होय? तुम्ही स्वतःच लिहिलंत की उंचावरच्या मेणबत्त्या तुम्हाला जमत नाहीत.

तुमचा पोरगा. उंच, रुंद खांद्याचा. ऑर्गन वाजत राहिला आणि मग थांबला, हे तुम्हीच लिहिलंत. मित्राकडे जेवतो, हेही तुम्हीच. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, व्याही, नुसतं घाबरता येतं.

आता ऐका. भट्टीचं काम संपायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात मला तुमच्या हाताने लिहून पाठवा, कोणी मोडलं. लिहिलंत तर मी एकटा येईन, रिकाम्या हाताने, आणि पुढचं काय ते चौकीत होईल. नाही लिहिलंत तर आम्ही चौघे येऊ, आणि बाकं मोजत बसणार नाही, सरळ तुमच्या घरी येऊ. पोरगा तुमचा आहे. पण ज्याची बोटं मोडली तोही तुमच्या मुलीचा आहे. दोघांतलं कोण तुमचं, ते तुम्हीच लिहा.

तुमचा व्याही

९ मार्च

व्याहीबुवांना सलाम.

तुमचं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. रोज काढून वाचायचो आणि परत ठेवायचो. लिहायला बसलो की पेन कोरडं पडायचं, मग ते घासत बसायचो. आज उत्तर लिहितो, कारण आता लपवायला काही उरलेलं नाही.

गुरुवारी दुपारी पोरगा घरीच होता. खोलीत तो शिकवणीचा लहान ऑर्गन आहे, त्याच्यापुढे बसून वाजवत होता. फार सुंदर वाजवतो, हे मी आताही म्हणतो. मी दाराशी तांदूळ निवडत होतो. मुलगी आत आली. हातात जावईबापूंच्या दुकानातला हातोडा होता.

मला म्हणाली, "बाबा, जरा सरका."

मी म्हणालो, "अगं, पाणी तरी पी."

तिने ऐकलंच नाही. भावाला म्हणाली, "थांबलास का? वाजव. तुझी दहाही चालतात ना."

तो म्हणाला, "ताई, तो देवाच्या घरातली वस्तू उचलून नेत होता."

"देवाच्या घरातली? आतला भाग त्याने पदरचा घातला होता. देवाने नव्हता घातला."

"गाणं चालू होतं, ताई! मी वाजवत होतो! सगळ्यांसमोर असं..."

"हां. तुझं वाजवणं मधे थांबलं. एवढ्यासाठी."

आणि तिने हातोडा पट्ट्यांवर घातला. पांढऱ्या पट्ट्या उडून माझ्या तांदळात पडल्या. पहिल्या दोन घावांना ऑर्गन ओरडला, नंतर नुसती लाकडं वाजत होती. पोरगा आधी बघतच राहिला. मग त्याने तिचा गळा धरला. एका हाताने, व्याही. तिला भिंतीला लावलं आणि वर उचललं. तिच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. हातोडा पडला. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंग मला ओळखता येईना. मी ओरडलो, सोड, ताई आहे ती. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे डोळे मी त्या रविवारी बघितले होते, पायऱ्यांवर. तेच होते.

काठी कोपऱ्यात होती. त्या रविवारच्या मारामारीनंतर चौकीवाल्यांनी ती नेली होती, मग चर्चची मालमत्ता म्हणून मला परत दिली होती. हात वर जात नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण खालून जातो. पायऱ्या झाडतो तसा आडवा जातो. मी दोन्ही हातांनी धरली आणि आडवी मारली, त्याच्या नडगीवर. तो पडला. ती सुटली. तिथेच थांबायला हवं होतं. मी परत मारली, त्याच पायावर. दुसऱ्यांदा कशाला मारलं, असं चौकीतल्या साहेबांनी विचारलं.  तिसऱ्यांदा मारणार होतो तर मुलीने खोकत खोकत काठी धरली. म्हणाली, "बाबा, बस." कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली, आणि बोलली तर एवढंच, आधी सरका आणि मग बस.

आता दोघेही एकाच दवाखान्यात आहेत, एकाच खोलीत, खाटा समोरासमोर. दुसरीकडे जागा नाही म्हणतात. दिवसभर एकमेकांकडे बघत पडलेले असतात. मुलगी दोन डबे नेते. एक नवऱ्याला भरवते. दुसरा भावाच्या टेबलावर ठेवते, हात लांब करून, जळत्या चुलीशी ठेवावा तसा, आणि वळते. तिच्या गळ्यावर अजून चारही बोटं उमटलेली दिसतात. नर्सबाईंनी मला विचारलं, आजोबा, तुम्ही कोणाला भेटायला आलात? मी बाहेरच्या बाकावर बसलो.

तुम्ही लिहून मागितलं होतं. लिहितो. तुमच्या मुलाची बोटं माझ्या मुलाने मोडली. काठी त्याने माझ्याच हातातून ओढली. मी बघितलं होतं. त्याचा पाय मी मोडला. चौकीतही दोन्ही असंच लिहून दिलंय, आणि खाली सही केली.

काल खजिनदार दवाखान्यात आले होते. गालावर अजून पट्टी आहे. मला वाटलं विचारपूस करायला आले. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, काठी वाकली आहे, मेणबत्त्या विझवता येत नाहीत, तर ती सरळ करायचा खर्च कोणी द्यायचा? आमची मुलगी डबे घेऊन बाहेर येत होती. म्हणाली, "का हो काका, शब्द वाचून गायला अख्खी मंडळी, आणि भरायची वेळ आली की कोणीच नाही?" ते म्हणाले, "पोरी, नियम आहे."

मी म्हणालो, माझ्या पगारातून कापा. या खेपेला हात माझाच होता.

ते निघून गेले. तुम्ही या, मात्र एकटेच, तसं तुम्ही लिहिलं होतं.

तुमचा व्याही

१३ मार्च

व्याह्यांना सलाम.

पत्र मिळालं. धाकट्याला वाचायला दिलं नाही. भट्टीवरच्यांना सांगितलं, कामावर राहा. शब्द दिला होता तसा शनिवारच्या गाडीने एकटा येतो.

तुमच्या पोराच्या खाटेपाशी मी जाणार. तिथे गेल्यावर माझे हात काय करतील हे मला आज सांगता येत नाही. तुम्ही माझ्या आणि खाटेच्या मधे उभे राहा. दाराशी नको, मधे.

रिकाम्या हाताने येणार होतो, पण हातोडी आणि भाता आणतो. थंड लोखंड ठोकून सरळ केलं तर ते परत तिथेच वाकतं, त्याला जाळ लागतो. रविवारी उपासना चालू असेल तेव्हा मी तुमच्या पायऱ्यांवर काठी सरळ करत बसेन. फुकट नाही. मजुरी घेणार, आणि मुलाने बसवलेल्या भागाचे पैसेही. तुमच्या पगारातून नाही. गाऊन बाहेर येईल त्या प्रत्येकाकडून थोडे थोडे घेणार, विधवा बायका सोडून. खजिनदारांना आत्ताच सांगून ठेवा की माझ्यासमोर नियम म्हणून काही उपयोग नाही. हातोडी चालू असली की मला कोणाचं ‘नाही’ ऐकू येत नाही.

तुमच्या घरची खुंटी मी गेल्या वेळी बघितली आहे. फार वर आहे. शनिवारच्या आत खाली ठोकून घ्या, तुमचा हात पोचेल तिथे. या वेळी माझा कोट तुम्ही टांगायचा.

तुमचा व्याही